एकाच अंगावरच्या दोन जखमा

कपड्याची शिवण घासली तरी फोड यावेत आणि कातडी सोलवटावी, अशी त्वचा घेऊन काही मुलं जन्माला येतात. आजाराचं नाव एपिडर्मोलायसिस बुलोसा. त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारं प्रथिन जनुकातल्या दोषामुळे तयारच होत नाही, किंवा सदोष तयार होतं. २००५ सालापर्यंत डॉक्टरांच्या हाती मुख्यतः मलमपट्टी, जंतुसंसर्गाला आळा आणि वेदनाशामकं एवढंच होतं.

पहिली फट पडली इटलीतल्या मोदेनात. मिकेले दे लुका यांच्या चमूने रुग्णाच्याच त्वचेतल्या मूळपेशींत निर्दोष जनुक घातलं, त्यांपासून त्वचेचे पातळ पापुद्रे वाढवले आणि ते त्याच्या पायांवर बसवले. २००६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवी त्वचा टिकली होती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने वेगळी वाट धरली, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची. २०१०च्या अहवालानुसार उपचार घेतलेल्या सात मुलांपैकी दोघं दगावली. बाकीच्यांच्या जखमा सुधारल्या, पण ही वाट जिवावरची होती.

२०१५मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रुग्णालयात सात वर्षांचा एक मुलगा मरणाच्या दारात होता. मोदेनात वाढवलेल्या त्वचेने त्याचं सुमारे ८० टक्के अंग झाकलं गेलं आणि तो शाळेत जाऊ लागला. जगभर बातमी झाली. तरीही एका मुलाच्या यशावर औषधाला मंजुरी मिळत नाही.

खरा पेच इथेच होता. मूठभर रुग्ण, प्रत्येकाचा आजार कमीअधिक तीव्र. मग तुलना कोणाशी करायची? भूर्जाच्या सालीपासून केलेल्या जेलची चाचणी रूढ पद्धतीने झाली. २८ देशांतले २२३ रुग्ण गोळा करावे लागले आणि ४५ दिवसांत निवडलेली जखम भरण्याचं प्रमाण ४१ विरुद्ध २९ टक्के, एवढाच फरक दिसला. दुसरा मार्ग अधिक चतुर होता: तुलना एकाच रुग्णाच्या दोन जखमांत करायची. त्वचेचे थर धरून ठेवणाऱ्या सातव्या प्रकारच्या कोलॅजनचं जनुक निष्प्रभ केलेल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूतून पोचवणारं जेल एका जखमेवर आणि औषधाविना तसंच जेल दुसऱ्या जखमेवर. रुग्ण फक्त ३१. सहा महिन्यांनी औषध लावलेल्या जखमांपैकी ६७ टक्के पूर्ण भरल्या होत्या, दुसऱ्या बाजूच्या २२ टक्के. मे २०२३मध्ये अमेरिकेने या औषधाला, ‘व्हायज्युवेक’ला, मंजुरी दिली. एप्रिल २०२५मध्ये जनुक दुरुस्त केलेल्या पापुद्र्यांनाही ती मिळाली. त्यांची निर्णायक चाचणी अवघ्या अकरा रुग्णांवर झाली होती, पण जखमांच्या जोड्या ४३ होत्या.

या युक्तीने दुर्मीळ आजारातही भक्कम पुरावा उभा करता येतो हे सिद्ध झालं. मात्र चाचणीने मोजली ती जखम, आणि मंजुरी मिळाली तीही जखमेवरच्याच उपचाराला. या आजाराच्या तीव्र प्रकारांत अन्ननलिका आकसते, बोटं एकमेकांना चिकटतात, तरुणपणीच त्वचेचा आक्रमक कर्करोग होतो. अन्ननलिका माणसाला एकच असते; तिची तुलना करायला शेजारी दुसरी नाही. तिथे रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या काटेकोर नोंदीच तुलनेला धराव्या लागतील. वीस वर्षांत अवघड शस्त्रक्रियेपासून घरी लावता येणाऱ्या जेलपर्यंत मजल गेली, हे थोडं नाही. पण बरी झाली ती जखम. रुग्ण बरा व्हायचा आहे.