वेबसाइटचं प्रगतिपुस्तक

एखादी लिंक उघडली आणि पान येईना, की आपण आधी नेटला नावं ठेवतो, मग फोनला. पण बरेचदा दोष पान बनवणाऱ्याचा असतो. मी गेली दहा-बारा वर्षं वेबसाइट बनवण्याच्याच कामात आहे, त्यामुळे हे आतल्या गोटातलं सांगतो आहे.

हा दोष वाचकाला आधीच कळावा, अशी कल्पना गूगलच्या क्रोम ब्राउझरने नोव्हेंबर २०१९ मध्ये मांडली. कोणती साइट नेहमी लवकर उघडते आणि कोणती रेंगाळते, हे ब्राउझरनेच दाखवायचं. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२० मध्ये क्रोम ८५ सोबत अँड्रॉइड फोनवर जी खूण यायला लागली, ती फक्त कौतुकाची होती. लिंकवर बोट दाबून धरलं की वेगवान पानांपुढे 'फास्ट पेज' असं दिसायचं.

हे प्रगतिपुस्तक तीन विषयांचं होतं. पानावरचा मुख्य मजकूर किंवा फोटो अडीच सेकंदांत दिसला का? पहिल्यांदा बोट लावल्यावर पानाने लगेच प्रतिसाद दिला का? आणि वाचता वाचता मजकूर खाली-वर उडत तर नाही ना? (बातमीवर बोट ठेवावं आणि नेमकी जाहिरात उघडावी, हा अनुभव सगळ्यांनाच आहे!) दुसरा विषय मार्च २०२४ पासून आणखी कडक झाला. आता फक्त पहिला स्पर्श नाही, तर पानावरचे सगळेच स्पर्श आणि क्लिक मोजले जातात.

हे मोजमाप प्रयोगशाळेत नाही, तर खऱ्या वाचकांच्या फोनवर होतं, हे मला पटतं. पण त्यात एक मेख आहे. शंभरपैकी पंचाहत्तर भेटींमध्ये पान वेळेत उघडलं, की साइट पास. उरलेल्या पंचवीस भेटी कोणाच्या असतील? माझी आत्या देवासला राहते. तिचा फोन सात वर्षांचा आहे आणि मागच्या खोलीत रेंज एकच कांडी. ती बहुतेक त्या पंचविसांतच येते. म्हणजे साइट पहिल्या वर्गात पास होते आणि आत्या मात्र दाराबाहेरच उभी राहते.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या मंडळांची. साइटवर पुरेशी वर्दळ नसेल तर ब्राउझरकडे मोजायला आकडेच नसतात. त्यामुळे खूण नाही म्हणजे साइट मंद, असं समजू नका. पण कोणी गुण देत नाही म्हणून आपण निर्धास्त राहावं, असंही नाही. परगावी गेलेली मुलं आणि घरी असलेले आजी-आजोबा मंडळाच्या त्याच पानावर भेटतात. ते उघडलं नाही, तर तक्रार कोणी करत नाही. लोक फक्त यायचे बंद होतात.

उपाय सोपे आहेत. समजा, गणेशोत्सवाचे चाळीस फोटो फोनमधून जसेच्या तसे चढवले, प्रत्येकी चार एमबी. झाले १६० एमबी. सेकंदाला अर्धा एमबी येणाऱ्या नेटवर ते सगळे यायला पाच मिनिटांहून जास्त लागतील. तेच फोटो बाराशे पिक्सेल रुंदीचे करून प्रत्येकी सुमारे २०० केबीवर आणले, तर एकूण आठ एमबी, म्हणजे सोळा सेकंद. फोनच्या पडद्यावर फरक सहसा कळतही नाही. फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहून ठेवली, तर मजकूर उड्या मारत नाही. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे वजनदार असतात, म्हणून चार-चार फॉन्ट न वापरता एकच घ्यावा. सरकत्या पट्ट्या आणि आपोआप वाजणारे व्हिडिओ काढून टाकले तरी कोणाचं काही अडत नाही.

साइट तपासायला 'पेजस्पीड इनसाइट्स' हे गूगलचं मोफत साधन आहे. पण त्याआधी एक घरगुती चाचणी करा. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा, आपल्या मंडळाची साइट उघडा आणि मनात पाच अंक मोजा. पान आलं नाही, तर मंडळात साइट सांभाळणाऱ्या ताई-दादाला सांगा. हवं तर मदतीला तुम्हीच बसा. एका रविवारच्या दुपारचं काम आहे.