अंकीय नभोवाणी : झाशीपर्यंतचा मार्ग

बुंदेलखंडाची भूमी खडकाळ आहे. झाशीच्या परिसरात ग्रॅनाइटाचे उघडे खडक आणि गारगोटीच्या लांबट डोंगररांगा जागोजागी आढळतात. झाशीचा किल्लाही अशाच एका टेकडीवर उभा आहे. शत्रूला अडविण्यास ही भूरचना जेवढी उपयुक्त ठरली, तेवढीच ती नभोवाणीच्या लहरींना प्रतिकूल आहे. शिवाय झाशी हे उत्तर प्रदेशाच्या अगदी सीमेवरचे नगर. राज्याची राजधानी लखनौ येथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर, आणि शहराच्या तिन्ही बाजूंना मध्य प्रदेशाची हद्द. अशा ठिकाणी आवाज स्पष्टपणे पोहोचविणे ही कोणत्याही ध्वनिक्षेपण पद्धतीची खरी कसोटी होय. अंकीय नभोवाणी म्हणजे काय आणि ती देशव्यापी व व्यापारी स्वरूपात उभी करणे अवघड का, हे झाशीच्या उदाहरणावरून चांगले समजते.

जुन्या दोन पद्धती

भारतात दोन प्रकारचे ध्वनिक्षेपण रूढ झाले. पहिला प्रकार मध्यम लहरींचा, म्हणजे ज्याला सामान्य श्रोता ‘मीडियम वेव्ह’ म्हणतो त्याचा. या लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. मात्र खडकाळ व कोरड्या जमिनीवरून जाताना त्या लवकर क्षीण होतात. रात्री वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरावरून परावर्तित होऊन त्या शेकडो किलोमीटर दूर उतरतात, पण त्यामुळेच आवाज कमीजास्त होतो आणि दूरची केंद्रे एकमेकांत मिसळतात. यात वीजही पुष्कळ खर्च होते. पूर्ण भार दिला तरी प्रक्षेपित शक्तीचा सुमारे दोन तृतीयांश भाग केवळ वाहक लहरीतच जातो, आणि त्या लहरीत आवाजाचा अंशही नसतो.

दुसरा प्रकार एफएमचा. भारतात तो १९७७ साली मद्रास येथे सुरू झाला. त्याचा आवाज स्वच्छ असतो, परंतु त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. टेकडीच्या पाठीमागचे गाव त्यांना दिसत नाही. एखादी लहर थेट येते, तर दुसरी डोंगरावर आपटून किंचित उशिरा येते. या दोहोंचा संकर होऊन आवाज फाटतो.

अंकांनी काय साधते?

अंकीय पद्धतीत आवाजाच्या लहरीचे प्रत्येक सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेतात आणि प्रत्येक माप शून्य व एक या दोनच चिन्हांनी लिहितात. ध्वनिमुद्रित तबकडीवर ज्याप्रमाणे आवाज साठवितात त्याप्रमाणे प्रत्येक सेकंदाला ४४,१०० मापे घ्यावयाची, प्रत्येक माप सोळा चिन्हांचे ठेवावयाचे आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह धरावयाचे, तर सेकंदाला चौदा लाखांहून अधिक चिन्हे पाठवावी लागतील. नभोवाणीच्या अरुंद मार्गात एवढी जागा नसते. म्हणून मानवी कानास जे ऐकू येणार नाही ते गणिताने वगळून हा प्रवाह कित्येक पटींनी आकुंचित करतात. ग्राहक यंत्रात त्याचा पुन्हा विस्तार होतो.

खरी युक्ती यापुढची आहे. आकुंचित केलेली चिन्हे एकाच लहरीवर भराभर न पाठविता शेकडो सूक्ष्म उपवाहक लहरींवर वाटून देतात. प्रत्येक उपवाहकावरचा वेग त्यामुळे मंद होतो. शिवाय प्रत्येक चिन्हापूर्वी थोडा राखीव काळ ठेवतात. डोंगरावरून परावर्तित झालेली लहर या राखीव काळात येऊन पोहोचली, तर ती पुढच्या चिन्हात ढवळाढवळ करीत नाही. ‘डिजिटल रेडिओ मॉन्दियाल’, म्हणजेच डीआरएम, या पद्धतीच्या एफएम पट्ट्यासाठी योजलेल्या प्रकारात ९६ किलोहर्ट्झ रुंदीत २१३ उपवाहक असतात आणि राखीव काळ पाव मिलिसेकंदाचा असतो. तेवढ्या काळात रेडिओलहर ७५ किलोमीटर जाते. म्हणजे दोन मार्गांतील अंतराचा फरक ७५ किलोमीटरपर्यंत असला तरी ग्राहक यंत्र गोंधळत नाही.

यातून आणखी एक लाभ निघतो. परावर्तित लहर आणि दुसऱ्या प्रक्षेपकाची तीच लहर यांत ग्राहक यंत्राच्या दृष्टीने भेद नाही. म्हणून झाशी, दतिया आणि मधली गावे यांना एकाच वारंवारतेवरचे अनेक लहान प्रक्षेपक एकमेकांस बाधा न आणता सेवा देऊ शकतील. टेकडीआडच्या गावासाठी निराळी वारंवारता शोधण्याचे कारण उरत नाही.

या पद्धतीस एक दोषही आहे. जुन्या नभोवाणीत आवाज हळूहळू खरखरत मंदावतो, परंतु अंकीय आवाज एका मर्यादेपर्यंत निर्दोष राहतो आणि ती ओलांडताच एकदम बंद पडतो. म्हणून प्रक्षेपकांची आखणी काळजीपूर्वक करावी लागते.

परदेशातील अनुभव

युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या ‘युरेका १४७’ या प्रकल्पातून डॅब ही पद्धत निघाली. १९९५ साली नॉर्वे व ब्रिटन येथे तिची नियमित प्रक्षेपणे सुरू झाली. ब्रिटनमध्ये १५ नोव्हेंबर १९९९ रोजी ‘डिजिटल वन’ हे देशव्यापी व्यापारी अंकीय जाळे चालू झाले. त्यात अनेक व्यापारी केंद्रे एकाच प्रक्षेपकमालेचा वापर करतात आणि खर्च वाटून घेतात. अमेरिकेत २००२ साली जुन्या एफएम लहरीच्या दोन्ही अंगांना अंकीय भाग जोडणाऱ्या ‘एचडी रेडिओ’ला मान्यता मिळाली. नॉर्वेने तर २०१७ साली आपली राष्ट्रीय एफएम केंद्रे बंद करून सर्व भार अंकीय पद्धतीवर टाकला.

भारतातील वाटचाल

भारतीय नभोवाणीत व्यापाराचा प्रवेश विविध भारतीच्या द्वारे झाला. ही सेवा १९५७ साली सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर या महाराष्ट्रातील केंद्रांवरून तीत जाहिराती येऊ लागल्या. खाजगी एफएम केंद्राचा आरंभ २००१ साली बंगळूर येथे झाला. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यानंतर झाशीसारख्या मध्यम शहरांतही खाजगी केंद्रे आली. २००८ साली झाशीजवळच, परंतु मध्य प्रदेशाच्या हद्दीत, ओरछा येथे ‘रेडिओ बुंदेलखंड’ हे सामुदायिक केंद्र निघाले आणि बुंदेली बोलीस स्वतःचे व्यासपीठ मिळाले. २०२४ साली देशातील ११३ शहरांत ३८८ खाजगी एफएम केंद्रे होती.

अंकीय पद्धत मात्र सरकारी क्षेत्रातूनच आली. आकाशवाणीने डीआरएमची निवड केली. २००९ च्या आरंभी दिल्लीजवळून लघुलहरींवर तिची नियमित प्रक्षेपणे सुरू झाली आणि पुढील दशकात मध्यम लहरींचे तीसहून अधिक प्रक्षेपक या पद्धतीस योग्य असे बसविण्यात आले. लखनौचा प्रक्षेपक त्यांपैकीच एक होता. तरीही सामान्य श्रोत्यापर्यंत हा लाभ फारसा पोहोचला नाही. नव्या मोटारगाड्यांत लाखोंच्या संख्येने अशी ग्राहक यंत्रे आली. घरातील रेडिओ मात्र महाग व दुर्मीळ राहिला. ग्राहक यंत्रे नाहीत म्हणून केंद्रे पुढे येत नाहीत, आणि केंद्रे नाहीत म्हणून कारखानदार यंत्रे स्वस्त करीत नाहीत, असा हा पेच आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली या विषयाचे धोरण आखण्याची शिफारस सरकारला केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये खाजगी केंद्रांसाठी सविस्तर शिफारशी झाल्या. देशासाठी एकच अंकीय तंत्र ठरवावे, जुना एफएम आवाज व नवे अंकीय कार्यक्रम एकाच वारंवारतेवर बरोबरीने चालवावेत आणि प्रारंभ चार महानगरे व नऊ मोठी शहरे येथे करावा, असे त्यांत सुचविले आहे. पुणे व नागपूर या नऊंत आहेत. पाच लाखांच्या वस्तीचे झाशी नाही.

लहान शहरांचा प्रश्न

या क्रमाला आर्थिक कारण आहे. जाहिरातींचे उत्पन्न मोठ्या शहरांत एकवटलेले असते आणि नवीन यंत्रसामग्रीचा खर्च तेथे लवकर भरून निघतो. परंतु अंकीय पद्धतीचा गुण पाहता लहान शहरांची गरज अधिक तीव्र आहे. मुंबईच्या श्रोत्यास आधीच अनेक केंद्रे उपलब्ध आहेत. झाशीच्या श्रोत्यास मोजकीच. एकाच वारंवारतेवर तीन-चार कार्यक्रम चालू शकले, तर एकावर चित्रपटसंगीत, दुसऱ्यावर बुंदेली कार्यक्रम, तिसऱ्यावर शेतीचा सल्ला अशी सोय करता येईल. खर्च एकदा, उपयोग अनेकवार. शिवाय पूर, वादळ किंवा तीव्र उष्णतेच्या लाटेचा इशारा लिखित मजकुराच्या रूपानेही ग्राहक यंत्रावर उमटविता येतो, आणि त्यासाठी दूरध्वनीच्या जाळ्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

म्हणून देशव्यापी व्यापारी अंकीय नभोवाणी म्हणजे केवळ महानगरांतील अधिक स्वच्छ आवाज नव्हे. तंत्र एक ठरणे, प्रक्षेपक सामाईक असणे आणि ग्राहक यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात येणे, या तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच ती देशव्यापी म्हणविण्यास पात्र ठरेल. तीपैकी पहिल्या दोन गोष्टी धोरणाने साधतात; तिसरी बाजारावर सोपविली जाते, आणि बुंदेलखंडातील शेतकऱ्याच्या घरात अंकीय आवाज पोहोचणे बहुतांशी त्या तिसऱ्या गोष्टीवरच अवलंबून आहे.