ई-पीक पाहणीचे ॲप मोबाईलमध्ये बसत नसेल तर : कारणे व उपाय



लागण, खत, पाणी व तोड यांविषयी आपण या पानांतून नेहमीच बोलतो. या अंकात मात्र विषय थोडा वेगळा घेतला आहे. हंगाम सुरू झाला की शहापूर गटातील सभासदांची एक तक्रार हमखास ऐकू येते. "साहेब, पीक पाहणीचं ॲप मोबाईलमध्ये बसतच नाही." कोणी दोन दिवस खटपट करतो आणि कंटाळून सोडून देतो. कोणी दुसऱ्याने पाठवलेली फाइल दाबतो आणि भलत्याच संकटात सापडतो. दोन्हींत नुकसान आपलेच आहे. म्हणून ॲप न बसण्याची कारणे कोणती, ती कशी ओळखावी आणि त्यावर उपाय काय, याची माहिती येथे देत आहे.

ही नोंद एवढी महत्त्वाची का?

पूर्वी सातबाऱ्यावरील पिकाची नोंद पटवारी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून करण्याची पद्धत आली. गाव नमुना बारा म्हणजे पिकांचा तक्ता. त्यात ऊस लागला नाही, तर शेतात दहा फूट ऊस उभा असला तरी कागदावर ती जमीन कोरीच राहते.

आपल्या भंडारा जिल्ह्यात बहुतेक सभासदांकडे उसाबरोबर धानाच्या बांध्याही आहेत. २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही खरिपांत शासनाने धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहन म्हणून जाहीर केले. अशा वेळी धानाखालचे क्षेत्र किती, हे पीक पाहणीच्या नोंदीवरून पाहिले जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेला महापूर कोणी विसरलेले नाही. तसे पुन्हा घडले, तर पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच असेल की सातबाऱ्यावर पीक कोणते आहे. म्हणून ॲप बसत नाही ही तक्रार लहान समजू नये.

आधी मोबाईल काय म्हणतो ते वाचा

उसाची उगवण कमी झाली, तर शहाणा शेतकरी लगेच खताची गोणी ओतत नाही. तो सरीतली दोन-चार टिपरी उकरून पाहतो. डोळा कुजला आहे, वाळवी लागली आहे, पाणी कमी पडले आहे, की बेणेच जुनाट होते, हे पाहतो आणि मग उपाय करतो. मोबाईलचेही तसेच आहे. ॲप बसत नाही तेव्हा पडद्यावर एखादी ओळ येते. आपण ती न वाचताच पुसून टाकतो व तेच बटण पुन्हा दहादा दाबतो. रोगाचे नाव त्या ओळीतच असते. ती वाचावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावी किंवा कागदावर उतरवून गट कार्यालयात आणावी.

सहा कारणे व त्यांवरील उपाय

१) मोबाईलमध्ये जागा नसणे. सर्वांत जास्त आढळणारे कारण हेच. 'स्टोरेज अपुरे' अशा अर्थाची ओळ येते. लग्नाचे व्हिडिओ, सणासुदीचे फोटो आणि व्हॉट्सॲपवर आलेले 'सुप्रभात' यांनी मोबाईल गच्च भरलेला असतो. ॲप आधी उतरते आणि मग उलगडते, त्यामुळे त्याच्या आकारापेक्षा जास्त मोकळी जागा लागते. बैलबंडी भरलेली असेल तर वर आणखी मोळी रचता येत नाही, तसेच हे. नको असलेले व्हिडिओ काढावेत आणि निदान एक जीबी जागा मोकळी ठेवावी.

२) 'प्रलंबित' असे दिसून काम थांबणे. प्ले स्टोअर एका वेळी मोजकीच ॲप घेते. मागे पाच-सहा ॲपचे अद्ययावतीकरण चालू असेल, तर आपले ॲप रांगेत उभे राहते. तोडणीची पाळी येईपर्यंत थांबावे लागते तसे. प्ले स्टोअरमध्ये जाऊन बाकीची कामे थांबवावीत. काही मोबाईलमध्ये 'फक्त वायफायवर डाउनलोड करा' ही सोय चालू असते. आपल्याकडे वायफाय नसते, त्यामुळे ॲप दिवसभर लटकून राहते. ती सोय बदलून मोबाईलच्या नेटवर डाउनलोड होऊ द्यावे.

३) जुने ॲप तसेच असणे. याकडे विशेष लक्ष द्यावे. पीक पाहणीचे ॲप सुरुवातीपासून अनेकदा बदलले आहे. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. २०२४ च्या रब्बीपासून 'डीसीएस' म्हणजे डिजिटल पीक सर्वेक्षणाचे ॲप राज्यभर वापरात आले. पुष्कळांच्या मोबाईलमध्ये जुनेच ॲप असते, ते उघडते पण पुढे सरकत नाही, आणि आपल्याला वाटते मोबाईल बिघडला. असे असेल तर जुने काढून नवे घ्यावे. परंतु एक सावधगिरी बाळगावी. नेट नसताना केलेली नोंद मोबाईलमध्येच साठून राहते व नेट मिळाल्यावर अपलोड करावी लागते. ती अपलोड होण्याआधी ॲप काढले, तर नोंदही त्याबरोबर जाते. म्हणून आधी नेटच्या जागी येऊन नोंद अपलोड झाली का ते पाहावे, आणि मगच जुने ॲप काढावे.

४) मोबाईल फार जुना असणे. 'हे ॲप तुमच्या मोबाईलशी सुसंगत नाही' अशी ओळ येते. अँड्रॉइडवर चालणारा पहिला मोबाईल २००८ मध्ये बाजारात आला आणि तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. नवे ॲप फार जुन्या आवृत्तीवर चालत नाही. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' येथे आपली आवृत्ती पाहता येते. तेथेच अद्ययावतीकरण उपलब्ध असेल तर ते करून पाहावे. नसेल तर या मोबाईलच्या मागे लागून उपयोग नाही. मात्र घाबरून नवा मोबाईल घेण्याचेही कारण नाही. एका मोबाईलवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते. भावाचा, मुलाचा किंवा शेजारच्या सभासदाचा मोबाईल घेऊन शेतात जावे.

५) तारीख व वेळ चुकीची असणे. बॅटरी पूर्ण उतरून मोबाईल बंद पडला, की कधी कधी तारीख मागे जाते. मोबाईल आणि सर्व्हर एकमेकांची ओळख पटवताना तारीखही पाहतात. ती जुळली नाही तर जोडणीच होत नाही. 'तारीख व वेळ आपोआप' हा पर्याय चालू ठेवावा.

६) प्ले स्टोअरचे खाते नसणे किंवा बंद झालेले असणे. दुकानदाराने मोबाईल घेतानाच खाते उघडून दिलेले असते, त्याचा पासवर्ड आपल्याला ठाऊक नसतो आणि कधीतरी ते खाते बाहेर पडते. मग प्ले स्टोअर उघडते, पण काही उतरवून देत नाही. आपल्या स्वतःच्या नावाने खाते उघडून पासवर्ड वहीत लिहून ठेवावा. ती वही मात्र घरातच ठेवावी.

हे सर्व ठीक असूनही ॲप बसत नसेल, तर मोबाईल बंद करून पुन्हा चालू करावा. सेटिंगमधून प्ले स्टोअरची साठवलेली तात्पुरती माहिती, म्हणजे 'कॅशे', साफ करावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

बसले, पण चालत नाही

ॲप बसले म्हणजे काम संपले असे नव्हे. बेणे रुजले तरी पाणी द्यावेच लागते. पहिल्यांदा उघडताच ॲप दोन परवानग्या मागते, एक ठिकाणाची आणि दुसरी कॅमेऱ्याची. घाईत आपण 'नाही' दाबतो आणि मग फोटोच निघत नाही. सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन दोन्ही परवानग्या द्याव्यात आणि मोबाईलचे 'लोकेशन' चालू करावे.

डीसीएस ॲपमध्ये फोटो गटापासून ५० मीटरच्या आत घ्यावा लागतो. घरी बसून किंवा पानठेल्यावरून नोंद होणार नाही. मोबाईल आपले ठिकाण आकाशातील उपग्रहांच्या संदेशावरून ठरवतो, त्यासाठी वर मोकळे आकाश लागते. आंब्याच्या झाडाखाली किंवा उंच उसाच्या आत शिरून उभे राहू नये. धुऱ्यावर मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटे थांबावे, ठिकाण स्थिर होऊ द्यावे आणि मग फोटो घ्यावा.

हंगाम निवडतानाही लक्ष असावे. ऊस हे खरीप किंवा रब्बीपुरते पीक नाही. त्यासाठी 'संपूर्ण वर्ष' हा पर्याय आहे. धानाची नोंद खरिपात, उसाची संपूर्ण वर्षात. एकाच गटात दोन्ही असतील तर दोन्हींचे क्षेत्र वेगवेगळे भरावे.

ओटीपी आला नाही तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. मोबाईलला रेंज आहे का आणि संदेशांची पेटी भरलेली तर नाही ना, हे पाहून थोड्या वेळाने मागवावा. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत राज्यभरातील शेतकरी एकाच वेळी नोंद करतात, तेव्हा सर्व्हरवर ताण येतोच. कारखान्याच्या गव्हाणीसमोर सगळ्या गाड्या एकाच वेळी लागल्या तर काय होते, हे आपणास सांगायला नको. म्हणून मुदत सुरू होताच पहिल्या आठवड्यात नोंद करावी, तीही सकाळी लवकर.

सर्वांत मोठा धोका : कोणीतरी पाठवलेली फाइल

आता मुख्य गोष्ट. ॲप बसत नाही म्हणून माणूस वैतागला, की गावातल्या व्हॉट्सॲप गटावर एखादी फाइल येते. "हे दाबा, लगेच बसेल." कधी ती पीक पाहणीच्या नावाने असते, कधी पीएम किसानच्या नावाने, कधी बँकेच्या. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असे असते. पीएम किसानच्या नावाच्या अशा खोट्या फायलींनी देशात अनेक शेतकऱ्यांची खाती रिकामी झाली आहेत.

हे कसे घडते ते समजून घ्यावे. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली फाइल दाबली, की मोबाईल आधी हरकत घेतो, अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवायचे का, असे विचारतो. आपण वैतागात 'होय' म्हणतो. मग ते ॲप आपले संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराच्या हाती जातो. पीक पाहणीला ठिकाण आणि कॅमेरा लागतो हे पटण्यासारखे आहे. पण एखादे ॲप आपले सगळे संदेश वाचायला मागत असेल, तर तेथेच थांबावे.

वर्षभर राबून आलेले उसाचे बिल बँकेच्या ज्या खात्यात जमा होते, ते खाते याच मोबाईल क्रमांकाला जोडलेले असते. एक नोंद राहिली तर ती पुढे सहायकाकडून करून घेता येते. खात्यातली रक्कम गेली, तर ती परत येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून नियम एकच ठेवावा. ॲप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यायचे. पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी फाइल दाबायची नाही, कारण बहुतेक वेळा त्यालाही ती दुसऱ्याच कोणाकडून आलेली असते.

चुकून अशी फाइल दाबली गेलीच, तर लाजू नये व लपवू नये. मोबाईलचे नेट ताबडतोब बंद करावे. दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. उद्या सकाळी बघू म्हणणे महागात पडते.

तरीही जमले नाही तर

शेतकरी पातळीवरील मुदत संपल्यानंतर राहिलेल्या गटांची पाहणी गावासाठी नेमलेले सहायक करतात. गावचे ग्राम महसूल अधिकारी म्हणजे पूर्वीचे पटवारी, त्यांच्याकडे चौकशी करावी. परंतु सहायकावर अनेक गटांचा भार असतो. आपल्या बांधीत काय आहे हे आपल्याइतके कोणाला ठाऊक नसते, म्हणून पहिला प्रयत्न आपलाच असावा.

नोंद झाल्यावर काही दिवसांनी सातबारा काढून पाहावा. पिकाचे नाव, क्षेत्र व हंगाम बरोबर आहेत ना, याची खात्री करावी. ॲपमध्ये फोटो गेला म्हणजे सातबाऱ्यावर पीक लागले, असे गृहीत धरू नये.

शहापूर गटातील सभासदांनी अडचण असल्यास मोबाईल व गट क्रमांक घेऊन शेतकी मदतनीसांना भेटावे. येताना पडद्यावर कोणती ओळ येते, ते लिहून आणावे. आमचे मदतनीस मोबाईल पाहून देतील. मात्र बँकेचा पिन किंवा ओटीपी ते कधीही विचारणार नाहीत, आणि कोणी कारखान्याच्या नावाने विचारलाच तर देऊ नये.



आपला,
ऊस विकास अधिकारी