हौशी बुद्धिबळपटू, महाराष्ट्रातील

बुद्धिबळाचा खेळ उपजीविकेचे साधन न करता केवळ आवडीने, पण स्पर्धेच्या दर्जाने खेळणाऱ्यास हौशी बुद्धिबळपटू म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील बहुतेक सर्व नामांकित बुद्धिबळपटू या वर्गात मोडतात. यूरोप-अमेरिकेतील समकालीन हौशी खेळाडूंहून त्यांची स्थिती एका महत्त्वाच्या बाबतीत निराळी होती. लहानपणी जो खेळ ते शिकले, तो आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळला जाणारा खेळ नव्हता. पट तोच व मोहरी तीच, परंतु नियम वेगळे होते. त्यामुळे जागतिक स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या भारतीय हौशी खेळाडूस प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यापूर्वी स्वतःच्या अंगवळणी पडलेल्या खेळाशी झुंजावे लागे. त्याच्या यशापयशाचे मूल्यमापन करताना ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपरंपरा : दख्खनमध्ये बुद्धिबळाची परंपरा प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये या खेळाचे वर्णन आढळते. मूळच्या पैठणच्या व पुढे काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकात भगवंतभास्कर हा ग्रंथ रचला. त्याच्या नीतिमयूख या भागात बुद्धिबळाचे नियम दिले आहेत. धर्मशास्त्रकाराने हा खेळ राजनीतीच्या प्रकरणात घालावा, ही बाब त्याच्या प्रतिष्ठेची द्योतक होय. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील हरिकृष्ण यांनी १८७१ मध्ये लिहिलेल्या क्रीडाकौशल्य या संस्कृत ग्रंथातही इतर खेळांबरोबर बुद्धिबळाचे विवेचन आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या विलासमणिमंजरी या ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. त्यातील कूटप्रश्न यूरोपीय पद्धतीस जुळवून दिलेले होते. देशी व यूरोपीय खेळांतील अंतर भरून काढण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न म्हणता येईल.

देशी पद्धतीचे नियम : देशी पद्धतीत प्रांतोप्रांती फरक असले, तरी काही नियम बहुतेक ठिकाणी समान होते. (१) प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई. आंतरराष्ट्रीय पद्धतीतील आरंभीची दोन घरांची चाल त्यास नव्हती. (२) किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजास, त्यावर शह बसला नसेल तर, एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी मारण्याची मुभा असे. (३) शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या पट्टीवरील मूळ मोहऱ्याचे रूप घेई. घोड्याच्या पट्टीत त्याचा घोडा होई, हत्तीच्या पट्टीत हत्ती. वाटेल त्या पट्टीत वजीर करून घेण्याची सोय नव्हती. (४) प्रतिपक्षाची सर्व मोहरी व प्यादी मारून राजा एकाकी केल्यास त्यास ‘बुर्जी’ म्हणत, व तो पूर्ण विजय मानला जात नसे. म्हणून वरचढ खेळाडूसही प्रतिपक्षाचे एखादे मोहरे वा प्यादे राखून मात करावी लागे. प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. काही ठिकाणी डावाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी अनेक खेळ्या एकदमच करून घेण्याचीही रीत होती.

या नियमांचा खेळाच्या वळणावर सखोल परिणाम झाला. प्यादी सावकाश सरकत असल्याने प्रारंभी चकमकी कमी होत. दोन्ही बाजू आपापली रचना करीत आणि खरा संग्राम पुढे सुरू होई. प्रारंभाच्या खेळ्या पाठ करण्याची गरज नसे. मध्यपर्वातील डावपेच आणि अखेरच्या पर्वातील चिकाटी यांना महत्त्व असे. प्याद्याचे रूपांतर पट्टीवर अवलंबून असल्याने कोणते प्यादे कोणत्या पट्टीतून न्यायचे, याचा हिशोब फार आधीपासून करावा लागे. देशी पद्धतीत मुरलेल्या खेळाडूच्या अंगी अंतपर्वाची उपजत जाण आढळे, ती याच संस्कारातून.

देशी वळणाचे महत्त्व पाश्चात्त्यांच्या लक्षात उशिरा आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात स्कॉटिश वकील जॉन कॉक्रन व बंगाली खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी यांच्यात यूरोपीय नियमांनी अनेक डाव झाले. बॅनर्जी प्यादी एकेक घर सरकवून व उंट कडेच्या कर्णावर बसवून बचाव रचीत. अशा प्रकारच्या प्रारंभांना पुढे ‘भारतीय बचाव’ हे नाव रूढ झाले. ऑस्ट्रियन खेळाडू अर्न्स्ट ग्रूनफेल्ड यांच्या नावे १९२२ पासून प्रसिद्ध झालेला बचावही बॅनर्जी यांनी १८५५ मधील एका डावात योजलेला आढळतो. कॉक्रन यांनी डाव टिपून ठेवले, म्हणून ही गोष्ट आज सिद्ध करता येते. एरवी देशी बैठकीत डाव लिहून ठेवण्याची प्रथा फारशी नव्हती. चौकात वा देवळाच्या ओवरीत रंगलेला डाव पट गुंडाळताच संपे आणि खेळणाऱ्याची कीर्ती पाहणाऱ्यांच्या आठवणीपुरती उरे.

हौशी खेळाडूची स्थिती : पाश्चात्त्य देशांत हौशी व धंदेवाईक हा भेद विसाव्या शतकाच्या आरंभी महत्त्वाचा मानला जाई. १९२४ मध्ये पॅरिस येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी केवळ हौशी खेळाडूंची स्पर्धा भरविण्यात आली. तीत लॅटव्हियाचे हर्मानिस मॅटिसन विजयी झाले व त्याच प्रसंगी आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची (फिडे) स्थापना झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथील मोठ्या स्पर्धेत एडवर्ड लास्कर (१८८५–१९८१) हे अमेरिकन हौशी खेळाडू जगज्जेत्यांच्या पंक्तीला बसून खेळले. ते व्यवसायाने अभियंता होते. आदल्याच वर्षी अमेरिकन विजेते फ्रँक मार्शल यांच्याशी झालेला सामना त्यांनी अवघ्या एका गुणाने (८½–९½) गमावला होता. न्यूयॉर्कच्या स्पर्धेत अकरा जणांत ते दहावे आले. तरीही त्यांची प्रतिष्ठा उणावली नाही, कारण त्यांच्यामागे नोकरी होती, क्लब होते, छापील ग्रंथ होते आणि डाव प्रसिद्ध करणारी वृत्तपत्रे होती. हौस जोपासण्याची सारी साधने त्यांना घरबसल्या उपलब्ध होती.

महाराष्ट्रातील समकालीन खेळाडूस यांपैकी फारच थोडे लाभले. बुद्धिबळास समाजात मान होता, पण तो फावल्या वेळाचा विनोद म्हणून. संस्थानिकांचा वा धनिकांचा आश्रय लाभला तर स्पर्धा होत, नाही तर बैठकीपुरताच खेळ राही. यूरोपीय पद्धतीचे ग्रंथ इंग्रजी वा जर्मन भाषेत होते व ते मोठ्या शहराबाहेर दुर्मिळ होते. घड्याळ लावून ठराविक वेळेत ठराविक खेळ्या करणे, प्रत्येक खेळी टिपणे, यांसारख्या स्पर्धेच्या सवयी नव्याने लावून घ्याव्या लागत. दोन पद्धतींत एकाच वेळी खेळणाऱ्यास हाताची जुनी सवय घातक ठरे. प्यादे दोन घरे जाऊ शकते, हे माहीत असणे वेगळे आणि प्रतिपक्षाचे प्यादे तसे येईल हे आधीच हेरणे वेगळे.

खाडिलकर : या पिढीतील उल्लेखनीय महाराष्ट्रीय खेळाडू म्हणजे व्ही. के. खाडिलकर होत. १९२४ मध्ये इंग्लंडमधील साउथपोर्ट येथे झालेल्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत ते खेळले. देशी पद्धतीच्या वातावरणात घडलेल्या खेळाडूने इंग्लंडमधील अव्वल खेळाडूंसमोर, त्यांच्या नियमांनी व त्यांच्या भूमीवर बसणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. मिर सुलतान खान इंग्लंडात पोहोचण्यापूर्वी पाच वर्षे ही घटना घडली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९३५ मध्ये खाडिलकर यांचा सुलतान खान यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. त्यात सुलतान खान यांनी नऊ डाव जिंकले व एक बरोबरीत सुटला. केवळ आकडे पाहिले तर हा दारुण पराभव वाटतो. परंतु समोरचा खेळाडू त्या वेळी जगातील अग्रगण्य खेळाडूंमध्ये गणला जात होता आणि नुकताच चार-पाच वर्षांचा यूरोपीय स्पर्धांचा अनुभव घेऊन परतला होता. दोघांतील अंतर प्रतिभेचे होते तसेच संधीचेही होते.

सुलतान खान यांच्याशी तुलना : मिर सुलतान खान यांचा जन्म पंजाबातील मिठा टिवाणा (आता पाकिस्तानात) येथे झाला. वडिलांकडून ते देशी पद्धतीचा खेळ शिकले. जमीनदार नबाब सर उमर हयात खान यांनी त्यांना आश्रय देऊन यूरोपीय पद्धत शिकविण्याची व्यवस्था केली. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकल्यावर १९२९ मध्ये नबाबांबरोबर ते लंडनला गेले. त्याच वर्षी, तसेच १९३२ व १९३३ मध्ये त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. १९३०–३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांचा पराभव केला. १९३१ मध्ये टार्टाकोव्हर यांच्याविरुद्धचा सामना जिंकला. प्रारंभाच्या खेळ्यांत ते कच्चे व अंतपर्वात अतिशय बलवान होते, असे त्यांच्या डावांचे अभ्यासक मानतात. देशी पद्धतीच्या संस्काराशी हे निदान तंतोतंत जुळते.

१९३३ च्या अखेरीस नबाब भारतात परतले आणि त्यांच्यासमवेत सुलतान खानही. त्यानंतर यूरोपच्या स्पर्धांत ते पुन्हा दिसले नाहीत. १९६६ मध्ये सरगोधा येथे त्यांचे निधन झाले. जुन्या लेखनात त्यांना निरक्षर नोकर म्हटले गेले, त्यावर त्यांच्या वंशजांनी अलीकडे सप्रमाण आक्षेप घेतला आहे. फिडेने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला. त्यांच्या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट होते. आश्रयदात्यामुळे दार उघडते, पण आश्रयदाता परतला की तेच दार मिटते. आश्रयावर उभी असलेली कारकीर्द खेळाडूच्या इच्छेवर चालत नाही.

आश्रयाकडून संस्थेकडे : स्वातंत्र्योत्तर काळात आश्रयाची जागा हळूहळू संस्थांनी घेतली. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू (आंध्र) येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी भरली. तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. पुढील वर्षी मॉस्को येथील ऑलिंपियाडमध्ये भारतीय संघ प्रथमच उतरला. देशी पद्धत तत्काळ लोप पावली नाही. खेडोपाडी व घरगुती बैठकीत ती पुढे बरीच वर्षे टिकून होती. मात्र स्पर्धेचा मार्ग एकच उरल्याने नव्या पिढीस दोन खेळ शिकण्याचा भार राहिला नाही.

या संक्रमणात सांगलीचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारा अनेक दशके स्पर्धा भरविल्या व मुलामुलींना शिकविले. भाग्यश्री साठे-ठिपसे व स्वाती घाटे या नामवंत खेळाडू सांगलीच्याच. मुंबईत वृत्तपत्रसंपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी या तीन कन्यांनी १९७४, १९७५ व १९७६ या सलग वर्षांत अनुक्रमे राष्ट्रीय महिला अजिंक्यपद मिळविले. १९७६ मध्ये रोहिणी यांनी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा मोठा वाद झाला. अखेर महिलांना अशा स्पर्धांत प्रवेश नाकारता येणार नाही, असा निर्वाळा फिडेने दिला. हौशी खेळास जी मर्यादा पूर्वी नियमांनी व साधनांनी घातली होती, तशीच एक मर्यादा रूढीनेही घातली होती, हे या प्रकरणाने दाखविले.

मूल्यमापन : १९९७ मध्ये प्रवीण ठिपसे व २००० मध्ये अभिजित कुंटे यांनी ग्रँडमास्टर किताब मिळविला. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख महिला विश्वचषकाच्या मानकरी ठरल्या. आजच्या खेळाडूस प्रशिक्षक, संगणक व वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा उपलब्ध आहेत. या यशाच्या तुलनेत १९२४ ची साउथपोर्टची खेप किंवा १९३५ चा एकतर्फी सामना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि एका नियमव्यवस्थेत वाढून दुसरीत उतरणाऱ्या त्या पिढीने स्वखुशीने स्वीकारलेला पराभव हा पुढील पिढ्यांच्या शिक्षणाचा आरंभ होता. शह, मात, काटशह हे शब्द मराठीत नित्य व्यवहारात रुळले आहेत. ते ज्या बैठकीतून आले, त्या बैठकीतील बहुतेक खेळाडूंचे डाव मात्र कागदावर उतरले नाहीत. म्हणून त्यांच्या कामगिरीचे मोजमाप जिंकलेल्या गुणांवरून न करता त्यांनी ओलांडलेल्या अंतरावरून करणे अधिक न्याय्य ठरते.