युवराज: खडकाळ उतारांवरचा तुरेवाला

आंबिवलीच्या टेकड्यांवर जाल तेव्हा झुडपांच्या शेंड्यांकडे आणि उघड्या कातळांकडे जरूर बघा. खडकाळ, झुडपी उतार ही युवराज या भारीट कुळातल्या पक्ष्याची आवडती जागा. चिमणीहून जरासा मोठा. नर चकचकीत काळा, पंख आणि शेपटी विटकरी, डोक्यावर टोकदार तुरा. काय देखणा दिसतो! मादी तपकिरी, रेघारेघांची, तुरा आखूड. पण पंखांवरची तांबूस झाक तिची ओळख पटवते. जाड, शंकूसारखी चोच गवताचं बी सोलायला एकदम योग्य. पिल्लांना मात्र किडे लागतात. घरटं दगडाखाली किंवा दरडीच्या खोबणीत, जमिनीलगत. म्हणून कळकळीची विनंती: टेकडीवरचं वाळलं गवत पेटवू नका.