कोणता मासा सोडायचा?

छोट्या तळ्यावर गळ टाकून कसं बसायचं, काय लावायचं आणि पकडलेला मासा परत कसा सोडायचा, याचं पाश्चात्त्य शास्त्र मुख्यतः ट्राऊट आणि बास या दोन माशांवर उभं आहे. हल्ली मोबाईलवर व्हिडिओ पाहून शहाड-आंबिवलीची पोरंही तेच शिकतात. रॉड तोच, रीळ तेच, दोऱ्याच्या टोकाला रबरी बेडूकही तोच. पाणी मात्र आपलं असतं, आणि त्यातले मासेही आपले. ते कुणाचंही पुस्तक वाचून वागत नाहीत.

ट्राऊटला गार पाणी लागतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर इंग्रजांनी तो काश्मीर आणि निलगिरीच्या ओढ्यांत आणून सोडला, आणि तिथल्या थंडीतच तो टिकला. शहाडला मे महिन्याच्या दुपारी उथळ तळं तीस अंशांच्या वर तापतं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. तेवढ्या गरम पाण्यात ट्राऊट तगत नाही. बासचं म्हणाल तर तो अमेरिकेचा, पण तो जे करतो ते आपल्याकडे मरळ करते. गवताच्या कडेला दबा धरायचा, बेडूक-मासोळी टप्प्यात येईपर्यंत हलायचं नाही, आणि मग पाणी फुटेल अशी झडप घालायची. शिवाय मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे आटत चाललेल्या डबक्यातही ती तग धरते. दर थोड्या वेळाने ती वर येऊन हवेचा घोट घेते. पाण्यावर तेव्हा जो बुडबुडा उठतो, तो ओळखता येणं ही गळवाल्याची पहिली इयत्ता.

शहाड हे कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलं की पहिलं स्टेशन. बिर्ला मंदिरामुळे आणि सेंच्युरी रेयॉनमुळे नाव माहीत, पण गावाचा जीव आहे उल्हास नदीत. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत इथे येते आणि इथूनच आजूबाजूच्या शहरांचं पिण्याचं पाणी उचललं जातं. रविवारी पहाटे पुलाच्या खालच्या अंगाला काठ्यांच्या लांब पिशव्या घेतलेली मंडळी दिसतात. त्यातले बरेच नदीवर थांबत नाहीत. मुरबाड रस्त्याने म्हारळ, वरप, कांबा, पुढे रायते-गोवेलीकडे सरकतात. तिकडे गावतळी आहेत, अलीकडची शेततळी आहेत, आणि दगड काढून झाल्यावर पाण्याने भरलेल्या खाणी आहेत. खाणींपासून लांबच राहावं. तिथे काठ नसतो, सरळ कडा असतो. पाय घसरला की धरायला काही सापडत नाही. पावसाळ्यात अशा खाणींत पोरं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

मी ज्यांच्या शेजारी बसून हे काम पाहिलं, ते उल्हासकाठच्या गावातले आगरी काका. कंपनीतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. त्यांच्या सामानात मिरवण्यासारखं काही नव्हतं: फायबरची साधी काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाचे मणी, तरंगायला मोरपिसाची काडी, डब्यात ओल्या मातीतली गांडुळं, आणि शेंगदाण्याच्या पेंडीत मळलेली कणीक. बसल्या बसल्या त्यांनी पहिलं काम केलं ते पक्कड काढून गळाचा उलटा काटा चेपून टाकायचं. नवा कोरा गळ, दुकानदाराने धार दाखवून विकलेला, आणि यांनी त्याचा दातच पाडला.

"मासा सुटणार नाही का, काका?"

"तंगूस ढिला सोडला तर सुटल. ताण धरायला येतो ना, मग काटा कशाला?"

त्यात दुहेरी शहाणपण आहे. चेपलेला गळ माशाच्या ओठातून बोटाच्या एका वळणात निघतो, आणि स्वतःच्या अंगठ्यात घुसला तर अंगठ्यातूनही. गळ माशाने घशापर्यंत गिळला असेल तर काका तो ओढत नाहीत. तंगूस तोंडापाशी कापतात आणि मासा सोडतात. ओढून काढलेल्या गळाबरोबर कल्ला फाटतो, आणि असा मासा सोडला काय नि पिशवीत टाकला काय, सारखंच.

हात पाण्यात बुडवल्याशिवाय ते माशाला शिवत नाहीत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा आपल्याला किळसवाणा वाटतो, पण बुरशी आणि जंतूंपासून त्याला वाचवणारं तेच कवच आहे. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलं की ते पुसलं जातं. मासा त्या वेळी टुणकन उडी मारून पाण्यात जातो, आपण टाळ्या वाजवतो, आणि तो चार दिवसांनी अंगावर पांढरे डाग घेऊन तरंगतो. तापलेल्या कातळावर ठेवून फोटो काढणं हा तर शुद्ध छळ आहे. काकांच्या हिशेबाने सकाळी अकरानंतर मासा सोडण्यात अर्थच नाही. कोमट पाण्यात झुंजून दमलेल्या माशाला परत दम धरायला प्राणवायू नसतो. उन्हाळ्यात बसायचं ते सकाळी, तेही उजाडल्यावर थोडं थांबून. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतींनी प्राणवायू वापरलेला असतो, त्यामुळे अगदी पहाटे तळ्यातले मासेच वर येऊन धापा टाकत असतात. त्या वेळी ते हावरटासारखे गळाला लागतात असं काही जण सांगतात. लागत असतीलही. पण गुदमरणाऱ्याला पकडण्यात कसली मर्दुमकी?

इथवरचं सगळं ट्राऊट-बासच्या पुस्तकांतही सापडेल. खरा फरक यापुढे सुरू होतो. त्या पुस्तकांचा सूर एकच असतो: पकडा आणि सोडा. आपल्या तळ्यावर हा एकच नियम सगळ्या माशांना लावला, तर तळ्याचं नुकसान होतं.

काकांच्या काडीने पहिली बुडी मारली ती चिलापीमुळे. हातभर काठी वाकवणारा तो चपटा, राखी मासा त्यांनी गळावरून काढला आणि सरळ पिशवीत टाकला. लहान होता, तरी सोडला नाही. चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात आणली 1952 मध्ये, स्वस्त मासा मिळावा म्हणून. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लंही धोका दिसला की आईच्या तोंडात शिरतात. काही महिन्यांतच ती वयात येते आणि वर्षातून अनेकदा वीण घालते. छोट्या तळ्यात तिची संख्या इतकी वाढते, की मासे खुजे राहतात आणि इथल्या खवल-मळ्याला खायला उरत नाही. अशा माशाला प्रेमाने पाण्यात परत सोडणं म्हणजे तळ्याशी वैर. चिलापी जितकी लागेल तितकी काढून न्यावी.

तसाच दुसरा पाहुणा थाई मांगूर, म्हणजे आफ्रिकन मागूर. याच्या पालनावर देशात 2000 पासून बंदी आहे, तरी भिवंडीच्या बाजूला चोरून केलेली त्याची तळी मत्स्यव्यवसाय खात्याने उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. हा काहीही खातो, आणि अंग ओलं असलं तर एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जमिनीवरून सरपटत जातो. गळाला लागला तर पाण्यात परत टाकू नका. घरच्या काचपेटीतला कंटाळा आलेला सकर मासा गावतळ्यात 'सोडून पुण्य' मिळवणारेही असतात. त्यांना काकांनी एका शब्दात जे म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

मग येतात रोहू, कटला, मृगळ. यांचं गणित अगदीच निराळं. हे मासे साचलेल्या तळ्यात वीण घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. पूर्वी नदीतून गोळा केलेलं बीज तळ्यात सोडत. 1957 च्या जुलैमध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन यांची वीण यशस्वी केली, आणि तेव्हापासून तळ्यातला मासा हा उबवणी केंद्रातला मासा झाला. याचा अर्थ असा, की गावतळ्यात गळाला लागलेला प्रत्येक रोहू कुणीतरी पैसे देऊन बोटुकली असताना सोडलेला असतो. ते पैसे बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचे असतात, नाहीतर ठेका घेतलेल्या गावकऱ्याचे. तो सोडायचा की न्यायचा हा प्रश्नच आपला नाही, आधी विचारायला हवं. शहरातून गाडी घेऊन येणाऱ्या गळवाल्यांना हेच कळत नाही. देवाचं पाणी, देवाचे मासे, असं म्हणत ते बसतात आणि संध्याकाळी भांडण होतं. काका गेल्या गेल्या तळ्याच्या कडेच्या घरी जाऊन विचारतात, एखादा मोठा रोहू लागला तर तिथेच त्याचे पैसे देतात. भांडणाचा प्रसंगच येत नाही.

आणि मरळ. सकाळ चढत असताना कमळाच्या पानांपलीकडे पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक घोळका हलताना दिसला. शेकडो पिल्लं, प्रत्येक काडीएवढं, एकदम वर येऊन हवा घेत आणि एकदम खाली जात. त्यांच्या खाली, दिसणार नाही अशी, आई-बापांची जोडी असते. मरळ गवत बाजूला सारून घरटं करते, अंडी तरंगत ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत कित्येक आठवडे त्यांच्यावर पहारा देते. या काळात ती खाण्यासाठी गळावर येत नाही. पिल्लांवर कुणी आलं म्हणून धावून येते. नेमकं हेच हेरून रबरी बेडूक त्या घोळक्यावर टाकणारे आहेत. दोन-तीन फेकींत मरळ हमखास लागते, व्हिडिओ झकास होतो. तासाभरात चिलापी, खवल, खंड्या आणि बगळे मिळून ती पिल्लं संपवतात. एक मासा पकडला असं वाटतं, प्रत्यक्षात तळ्यातली मरळीची पुढची पिढीच गेलेली असते. मरळ पकडून लगेच सोडली तरी भागत नाही, तेवढ्या वेळात पहारा उठलेला असतो. काकांनी तो घोळका पाहिला, सामान उचललं आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

मरळ एरवी खायला घ्यावी, थंडीत, मोजकी, आणि फार मोठी असेल तर सोडावी, हे मला पटतं. मोठी मरळ जास्त अंडी देते आणि चिलापीची पिल्लं फस्त करून तळं ताब्यात ठेवते. चिलापीवर तिच्याइतका स्वस्त उपाय नाही.

श्रावण पाळल्यामुळे माशांच्या विणीचं आपोआप रक्षण होतं, असं आपण कौतुकाने सांगतो. ठाणे-रायगडच्या बाजूला तरी हे अर्धंच खरं आहे. पहिला दमदार पाऊस पडला की ओहोळ वाहू लागतात आणि शिवडा, मळ्या, खवल, वाम नदीतून उलट्या पाण्याने भाताच्या खाचरांकडे चढतात. ही वलगण. ती जूनमध्ये येते, श्रावणाच्या बरीच आधी, आणि तेव्हाच पाग, काठ्या, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन अख्खा गाव ओहोळावर उतरतो. सगळ्या माद्या गाबोळीने भरलेल्या असतात, तीच तर त्या माशांची चव. किलोभर वजनाच्या रोहूच्या पोटातच लाखांनी अंडी असतात, मग ओहोळात किती जात असतील? वलगणीचा आनंद हिरावून घ्यावा असं मी म्हणणार नाही, तो या भागाचा सण आहे. पण पूर्वी पाग टाकली तरी बाजूने निम्मे मासे निसटत. आता ओहोळाच्या तोंडावर मच्छरदाणी आडवी बांधतात, तिच्यातून अळीही सुटत नाही. ती बांधणाऱ्याला गावानेच हटकलं पाहिजे. पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणारे आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीने शॉक देणारे हे तर गुन्हेगारच. माशांसाठी विष आणि सुरुंग वापरायला या देशात 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल गळवाले स्वतः फार बोलत नाहीत. तुटलेला तंगूस. झुडपात अडकला की लोक हिसका देतात, तुटला की पुढे जातात. तो कुजत नाही. पाणकावळ्याच्या पंखात आणि ढोकरीच्या पायात तो गुंडाळला जातो आणि पक्षी तिथेच लटकून मरतो. काका आपला आणि दुसऱ्याचाही तंगूस बोटांवर गुंडाळून खिशात टाकतात. काठावरच्या गुटख्याच्या पुड्या आणि बाटल्या उचलायला मात्र ते तयार नसतात. "ते पोरांचं काम," म्हणतात.

राहिला खाण्याचा प्रश्न. शहरांचं सांडपाणी मिसळण्याआधीचं पाणी आणि मिसळल्यानंतरचं पाणी यांत फरक आहे. उन्हाळ्यात उल्हासवर जलपर्णी पसरते ती सांडपाण्यातल्या खतावर पोसूनच. वालधुनी नदी जिथे उल्हासला मिळते त्या पट्ट्यातला मासा गळाला लागला तरी ताटात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचं पाणी त्या नदीने वर्षानुवर्षं वाहिलं आहे.

तेव्हा या पावसाळ्यात शहाडच्या पलीकडे काठी घेऊन जाणार असाल तर आधी तळं कुणाचं ते विचारा, गळाचा काटा घरूनच चेपून न्या, चिलापी लागेल तेवढी घरी आणा. आणि पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला, तर त्या बाजूला गळ टाकू नका. शेजारी बसलेला टाकत असेल तर त्यालाही सांगा.