बरगंडी: द्राक्षमळ्यांतली पायपीट

फ्रान्समधल्या बरगंडीत गाइडसोबत चालायचं तर नुई-सें-जॉर्जहून व्होन-रोमाने आणि तिथून व्हूजो ही वाट धरावी. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर, पण रेंगाळण्यात अर्धा दिवस सहज जातो.

व्होनच्या वर बुटकी भिंत आणि दगडी क्रूस दिसतो. हाच रोमाने-काँती, अवघा 1.8 हेक्टरांचा मळा! इथली बाटली परवडणं कठीण. मळा मात्र फुकटात बघता येतो.

पुढचा क्लो द व्हूजो सिस्टर्शियन मठवासींनी बाराव्या शतकापासून जमवलेला. भिंतीआड सुमारे 50 हेक्टर. राज्यक्रांतीत तो जप्त झाला, 1889मध्ये तुकड्यांनी विकला गेला आणि आज त्याचे 80च्या आसपास मालक आहेत. काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी! आतल्या वाड्यात द्राक्षं चिरडायची अजस्र लाकडी यंत्रं आहेत, ती चुकवू नयेत.

2015पासून हे मळे युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. सप्टेंबरात तोडणीची धांदल असते. घडांना हात लावू नये.